तिसरा कुकारा

"कूऽऽई!"

झाडीच्या पलीकडनं आवाज आला आणि मी होतो तिथं चिखलात थबकलो. न्यू गिनीच्या त्या रानात भरदुपारीही ऊन जमिनीला लागत नसे. तिथं आमच्या कांदाटी खोऱ्यातला कुकारा कुठनं येणार? अंगात ताप होताच. म्हटलं, केरबा, तुझं डोकं फिरलं बाबा.

पुन्हा आला. "कूऽऽई!"

आमच्या सातारच्या डोंगरात एका टेपावरनं दुसऱ्या टेपावर बोलायचं झालं तर कुकारा घालतात. तोंडाशी हात धरायचा आणि छातीतनं आवाज काढायचा. दरीपलीकडचा माणूस ऐकतो आणि उलट देतो. पण पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही, दुसरीलाही नाही. रानात भलतंसलतं जे काय असतं ते एकदा हाक मारतं, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा मारतो तो माणूस. हे आम्हाला कळायच्या आधीपासून कानात भरवलेलं असतं. म्हणून मी गप बसलो, आणि तिसरा कुकारा आला तसा होता नव्हता तेवढा जीव एकवटून उलट दिला.

मला वाटलं, माझा जोडीदार मल्हारी सुटला. तोच मला शोधतोय.

झाडी हलली आणि बाहेर आली बंदुकीची नळी. तिच्यामागं तांबड्या केसांचा, तांबड्या मिशांचा एक उंच गोरा गडी. त्याच्या मागं आणखी तीन-चार. मी हात वर केले आणि ओरडलो, "इंडियन! इंडियन!" माझ्या अंगावर लंगोटीशिवाय काही नव्हतं आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशी दशा. त्या गड्यानं नळी खाली केली, माझ्याकडं बघितलं आणि चक्क हिंदुस्थानीत म्हणाला, "अरे जॉनी, तू कहाँ से आया?"

मी ढसाढसा रडलो. लाज कसली त्यात. तीन वर्षांनी कुणीतरी मला माणसासारखं विचारलं होतं.

सिंगापूर पडलं तेव्हा आमची तुकडी जपान्यांच्या हाती लागली. आम्ही त्यांच्या बाजूला जायला नकार दिला, म्हणून त्यांनी आम्हाला बोटीत कोंबून या बेटावर हमाल करून आणलं. रस्ते खणा, पोती वाहा, त्यांच्यासाठी रताळी लावा. शे-दीडशेंतले आता वीस-बावीस उरले होते. त्यात आमच्या खोऱ्यातले आम्ही दोघंच, मी केरबा संकपाळ आणि माथ्यावरच्या धनगरवाड्यातला मल्हारी ढेबे. भरतीला बरोबर गेलो, बोटीत बरोबर चढलो, मार बरोबर खाल्ला. निघताना त्याच्या आईनं माझ्या हाताला धरून सांगितलं होतं, "केरबा, जाताना दोघं चाललाय, येताना दोघंच या." त्या म्हातारीचं ते सांगणं मी कधी विसरलो नाही.

मल्हारीच्या पायाला मोठं क्षत पडलं होतं. जो काम करू शकत नाही त्याला जपानी ओढ्यापल्याड नेत आणि एकटेच परत येत. आता त्याची पाळी आलीच होती. म्हणून मी पळालो. पळायच्या आधी त्याच्या कानाशी लागलो, "गोरे जवळ आल्यात असं ऐकतोय. त्यांना घेऊन येतो. तू कुकाऱ्याकडं ध्यान ठेव."

"तीन घाल," तो म्हणाला. "तीन घातल्याबिगर म्या हलायचा न्हाय. आन् आरं केरबा, लवकर ये बाबा. ह्ये भाडखाव कालपास्नं माझ्या पायाकडंच बघत्यात."

तर असा मी त्या गोऱ्यांच्या हाती लागलो.

ते ऑस्ट्रेलियाचे पायदळवाले. तांबड्या केसांचा तो कॉर्पोरल हॅनलन, पण त्याची माणसं त्याला 'ब्लू' म्हणत. तांबड्याला निळा म्हणायची ही कसली तऱ्हा, मी विचारलं, तर म्हणाला, आमच्याकडं असंच असतं. त्यांच्याकडं रानात हरवलेल्या माणसाला हाक मारायची रीतही आमच्यासारखीच. त्याचा एक माणूस मागं राहिला होता म्हणून तो कूई घालत होता, आणि सापडलो मी.

"जॉनी, ही हाक तुम्ही आमची चोरली की आम्ही तुमची?" त्यानं विचारलं. हिंदी शिपाई म्हटला की गोऱ्यांना तो जॉनीच.

"साहेब, आमचे डोंगर जुने," मी म्हटलं, आणि तो खदाखदा हसला.

चांगला होता हो. खोटं कशाला बोलू? त्यानं डबा फोडला, आणि मी हात पुढं करणार तेवढ्यात तो मागं ओढून घेतला. "हे गाईचं आहे. तू नको." तीन वर्षांत मी उंदीर खाल्ले होते, साप खाल्ले होते, काय काय खाल्लं ते आईलासुद्धा सांगितलं नाही. आणि हा माणूस माझा धर्म सांभाळतोय! त्यानं मला बिस्किटं दिली आणि गोड दुधाच्या डब्याला भोक पाडून दिलं. लिबियाच्या वाळवंटात तो आपल्या हिंदी शिपायांच्या शेजारी लढला होता, तिथंच भाषा उचलली होती, तिथंच हे सगळं शिकला होता. वाटेत दलदल लागली तेव्हा त्यानं मला पाठुंगळी घेतलं. त्याच्या मानेचा घाम माझ्या तोंडाला लागत होता आणि मी मनात म्हणत होतो, हा देवमाणूस आहे.

संध्याकाळी त्यांच्या तळावर चहा उकळत बसलो असता त्यानं आपली हकिकत सांगितली. लिबियानंतर त्यांना ग्रीसच्या डोंगरांत पाठवलं. तिथनं मागं हटत हटत क्रीट नावाच्या बेटावर. तिथं शेवटी हुकूम आला, तुमच्या तुकडीनं रस्ता अडवून धरा, बाकीचे बोटींत चढतील, मग तुम्ही या.

"आम्ही धरला रस्ता," तो म्हणाला. "मग किनाऱ्यावर आलो तर बोटी गेलेल्या. आमचे मोठे साहेब त्यात बसून गेलेले. एक साधा निरोपसुद्धा ठेवला नव्हता."

"मग?"

"मग कैद. तिथनं पळालो. गावकऱ्यांनी लपवलं, पाणबुडीनं सुटलो. पुढं त्याच साहेबानं माझ्या छातीला फीत लावली. तीच ही." त्यानं खिशातनं एक मळकी फीत काढून दाखवली आणि पुन्हा कोंबली. "माझ्या मागं कुणी राहणार नाही, जॉनी. तुझा तो दोस्तही राहणार नाही. मागं राहणं काय असतं ते मला ठाऊक आहे."

मी त्याचे पाय धरायला वाकलो तर त्यानं दंडाला धरून उठवलं.

त्यांचा पोरसवदा लेफ्टनंट आला. त्यानं माझ्यासमोर काठी टाकली आणि म्हणाला, दाखव. मी ओल्या मातीत सगळं काढलं. मधे टेकाड. टेकाडावर लाकडांच्या ओंडक्यांआड जपान्यांची मशीनगन, तोंड पायवाटेकडं. टेकाडाच्या या अंगाला आमच्या झोपड्या. झोपड्यांच्या मागं खोल ओढा, काठाला दाट झाडी. आणि पुढं, टेकाडाच्या पायथ्यापर्यंत, रताळ्याचं उघडं शेत.

मातीतल्या त्या गनवर सगळे वाकले. आठवड्यापूर्वी तिनं ब्लूचीच चार माणसं पायवाटेवर आडवी केली होती. मागनं चढायचं म्हटलं तरी दुसरे जपानी पहाऱ्याला बसलेले, त्यांनी आरडा केला की गन मागं वळणार.

मी म्हटलं, "आधी माझी माणसं बाहेर काढा. ओढ्यात उतरून कुकारा घातला की ती झोपड्यांच्या मागनं घसरत खाली येतील. गनला ओढा दिसत नाही. मग तुम्ही गनचं काय करायचं ते करा. पण ओढ्याकडनं हं. शेताकडनं नाही. शेतात सशालाही लपायला जागा नाही."

"ओढ्याकडनं," ब्लू म्हणाला.

कुकारा मीच घालणार होतो. पण रात्रीत ताप चढला, घसा बसला, सकाळी तोंडातनं वाऱ्याशिवाय काही निघेना. लेफ्टनंट म्हणाला, हा इथंच माझ्याजवळ राहील. तेव्हा ब्लू माझ्यासमोर उकिडवा बसला. "मला शिकव. लहानपणापासून घालतोय मी. तुझा दोस्त ओळखायला हवा एवढंच."

मी बसल्या घशानं कुजबुजत शिकवलं. तापाच्या भरात मला आधी कळलं नव्हतं, पण त्यांची कूई शेवटाला वर चढते, आमचा कुकारा शेवटाला खाली उतरतो, दरीत धोंडा सोडल्यासारखा. "ती 'ई' टाक. श्वास संपेपर्यंत खाली आण." त्यानं हळू आवाजात चार-पाचदा करून दाखवला. चौथ्यांदा माझ्या अंगावर काटा आला. हुबेहूब आमच्या माथ्यावरचा. मग तीन हाकांची गोष्ट सांगितली. पहिल्याला हलणार नाही, दुसऱ्याला हलणार नाही, तिसऱ्याला येईल.

"तीन," तो म्हणाला.

"आणि ओढ्याकडनं."

"ओढ्याकडनं, जॉनी." मग त्यानं छातीवर हात ठेवला आणि वाळवंटात कुणा आपल्या शिपायाकडनं शिकला असेल तसं म्हणाला, "माँ कसम."

तो गेला. बाकीची माणसं पायवाटेच्या कडेनं गवतात पसरली. मी लेफ्टनंटच्या बाजूला झाडामागं पालथा पडलो होतो. टेकाडाचा माथा दिसत होता, झोपड्यांतला धूर दिसत होता. माझे कान उजवीकडं, ओढ्याकडं लागलेले.

कुकारा आला डावीकडनं.

पहिल्यांदा मला कळेना. वाटलं, तापानं कान भणभणताहेत. दुसरा आला तेव्हा मात्र कळलं. शेताच्या पार टोकाकडनं, टेकाडाच्या अगदी पायथ्याकडनं येत होता. मी लेफ्टनंटचा दंड धरून हलवला. "साहेब, राँग! राँग साईड!" त्यानं माझं तोंड दाबलं. मी त्याच्या हाताला चावलो, उठायला गेलो, तर दुसऱ्या एका गड्यानं पाठीवर गुडघा दिला.

तिसरा आला. लांब, खाली उतरत जाणारा, अगदी मी शिकवला तसा.

आणि झोपड्यांतनं माणसं शेतात आली. पुढं मल्हारी. लंगडत, पण सगळ्यांच्या पुढं, कारण त्या तिसऱ्या हाकेचा अर्थ तिथं त्याला एकट्यालाच ठाऊक होता. टेकाडावरच्या गननं तोंड फिरवलं. मग ती वाजायला लागली. मी माती तोंडात घेतली आणि बघत राहिलो. दुसरं काय करणार होतो?

गन शेतात वाजत होती तेवढ्यात पायथ्याला वळसा घालून तिच्या पाठीशी गवतातनं एक तांबडं डोकं वर आलं. ब्लू टेकाड चढून ओंडक्यांपर्यंत गेला, दोन बॉम्ब आत टाकले आणि आडवा झाला. गन बंद पडली. एकट्या माणसानं केलं ते. पायवाटेवरची माणसं ओरडत उठली. थोड्या वेळात सगळं संपलं.

मी शेतात पोचलो तेव्हा मल्हारी रताळ्याच्या वेलांत उताणा पडला होता. त्याच्याबरोबर आणखी तिघं. त्याच्या शेजारी पंजाबकडचा गुलाम नबी बसला होता, त्याच्या खांद्यातनं रक्त वाहत होतं. तो मल्हारीला हात धरून चालवत आणत होता.

"केरबा, पहिल्या आवाजालाच आम्ही उठलो होतो," गुलाम नबी हिंदुस्थानीत सांगायला लागला. "यानं बसवलं. दुसऱ्याला मी म्हटलं, चल, तर म्हणतो थांब. तिसरा आला तेव्हा हसला. म्हणाला, आला माझा केरबा. पायाचं दुखणंच विसरला बघ."

मी गुलाम नबीला म्हटलं, गप बस, देवाच्यान गप बस.

ब्लू आला. भुवई फुटली होती, हात काळे झाले होते. माझ्याशेजारी गुडघ्यावर बसला आणि खांद्यावर हात ठेवला. "ओढ्यात जपानी बसले होते, जॉनी. तिथं जाता येईना. होतो तिथनंच हाक मारली. काय करणार?"

आणि माझा विश्वास बसला. खरं सांगतो, बसला. मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडलो. म्हटलं, नशीब, दुसरं काय. लढाईत असं होतंच.

मल्हारीला अग्नी द्यायचा होता, पण लेफ्टनंट म्हणाला धूर नको, पुरा. ठीक, पुरतो. पण धुतल्याशिवाय कसा पुरू? रक्त, माती, तीन वर्षांचा मळ. धनगराचा पोर, आईचा लाडका. मी एक डबा घेतला आणि पाणी आणायला ओढ्यावर गेलो.

दोन्ही काठांना गाळ होता. आदल्या दिवशीच्या पावसानं वरनं वाहून आलेला, ताजा, मऊ, सायीसारखा गुळगुळीत. मी पाऊल टाकलं तर घोट्यापर्यंत आत गेलं आणि ठसा स्पष्ट उठला. वाकून पाणी भरलं. मग सहज इकडं बघितलं, तिकडं बघितलं. वरच्या अंगाला बघितलं, खालच्या अंगाला वळणापर्यंत चालत गेलो. पलीकडच्या काठावर चढलो. पाखरांची पावलं होती, एक डुक्कर उतरून गेलं होतं. माणसाचं पाऊल नव्हतं. बुटाचं नाही, अनवाणी नाही, जपानी नाही, गोऱ्याचं नाही. एवढ्या मोठ्या ओढ्यात ठसे उठले होते ते माझ्याच पायांचे.

ब्लू तिकडं आलाच नव्हता. बघायलासुद्धा आला नव्हता.

मी डबा तसाच घेऊन परत आलो. आधी मल्हारीला धुतलं. तोंडात पाणी घातलं. माती दिली. मग ब्लूसमोर जाऊन उभा राहिलो. तो टेकाडावर त्या गनपाशी सिगारेट ओढत बसला होता.

"ओढ्यात किती जपानी होते?" मी विचारलं.

त्यानं माझ्या पायांकडं बघितलं. गुडघ्यापर्यंत गाळ. त्याला कळलं.

"बस जॉनी," तो म्हणाला.

"किती होते?"

त्यानं धूर सोडला. मग म्हणाला, "त्या पायवाटेवर माझी चार माणसं गेली. आज आणखी सहा-सात गेली असती. ही गन काही दिसल्याशिवाय वळत नाही. मला ती वळायला हवी होती."

"म्हणून माझी माणसं दाखवलीस तिला?"

"मला वाटलं, ते लवकर पार होतील. बहुतेक सगळे झाले. सतरा-अठरा जिवंत आहेत."

"तू कधी ठरवलंस?"

"काय?"

"हे. वाटेत सुचलं, की मला कुकारा विचारत होतास तेव्हाच डोक्यात होतं?"

तो माझ्याकडं बघत राहिला. निळे डोळे, लाल झालेले. "तू मातीत नकाशा काढलास तेव्हा," तो म्हणाला.

म्हणजे माझा कुकारा घोकत होता तेव्हा त्याला माहीत होतं. 'ई' टाकत होता तेव्हा माहीत होतं. आईची शपथ घेतली तेव्हा माहीत होतं. अरे, शत्रूनं मारलं तर माणूस समजू शकतो, जपान्यांनी मला तीन वर्षं झोडपलं पण त्यांनी कधी माझा हात हातात घेतला नव्हता. यानं दूध पाजलं, पाठीवर वाहिलं आणि केसानं गळा कापला. मी त्याच्या तोंडावर थुंकलो. त्यानं बाहीनं पुसलं आणि उठलाही नाही.

आम्हाला किनाऱ्यावरच्या छावणीत आणलं. तंबू, खाटा, कुनैन, पावरोटी. तिथं आपला एक डॉक्टर होता, कॅप्टन सबनीस, पुण्याचा. हिंदुस्थानी कैद्यांना सांभाळून घरी पाठवायला मुद्दाम आणलेला. इतक्या वर्षांनी कुणीतरी शुद्ध मराठीत "कसं वाटतंय आता?" म्हणाल्यावर सगळे त्याच्यावर जीव टाकायला लागले. मीही. मी त्याला सगळं सांगितलं, गाळासकट. त्यानं ऐकून घेतलं, माझी नाडी बघितली, म्हणाला, "अजून अशक्तपणा आहे. विश्रांती घे."

लढाई थांबली. जपान्यांनी शरणागती पत्करली. आणि एक दिवस समजलं, हॅनलन कॉर्पोरलला दुसरी फीत मिळणार. जनरल येणार, परेड होणार.

सबनीस साहेब तंबूत आले. "केरबा, परेडला सुटका झालेल्यांच्या वतीनं एकानं दोन शब्द बोलायचेत. वाट तू दाखवलीस, तेव्हा तूच बोल. मी इंग्रजीत सांगेन."

"मी काय बोलणार ते तुम्हाला ठाऊक आहे, साहेब."

"दोनच शब्द. उपकार झाले म्हण आणि मोकळा हो."

मला वाटलं, ते मला मुभा देताहेत. वाटलं, तोंडानं असं म्हणतात, पण म्हणूनच मला निवडलंय.

समुद्राकाठी नारळांखाली सगळी पलटण उभी केली होती. जनरलनं ब्लूच्या छातीला फीत लावली. त्याचे कपडे कडक इस्त्रीचे, मिशा कापलेल्या. मग मला पुढं बोलावलं. मी मुद्दाम हिंदुस्थानीत बोललो, मराठीत नाही, म्हणजे ब्लूला अक्षर अन् अक्षर कळावं.

मी म्हणालो, "जनरल साहेब, हा माणूस शूर आहे. गनवर एकटा गेला, मी डोळ्यांनी बघितलं. पण ती गन दुसरीकडं बघत होती म्हणून तो जाऊ शकला. ती आमच्याकडं बघत होती. आमच्या कैद्यांना यानं आमच्याच घरच्या हाकेनं उघड्या शेतात बोलावलं. ती हाक मी त्याला शिकवली होती, ओढ्याकडनं घालायची म्हणून. यानं तशी शपथ घेतली होती. चार माणसं मेली. त्यातला एक मल्हारी ढेबे. त्याची आई वाट बघते आहे. फीत द्या, माझी ना नाही. पण तिच्या मागं काय आहे ते तुमच्या कानावर असू दे."

मी थांबलो. सबनीस साहेबांनी घसा साफ केला आणि इंग्रजीत बोलले. मी एवढं बोललो होतो, त्यांचं दोन वाक्यांत झालं. मला इंग्रजी थोडंथोडकंच येत होतं. त्यातले 'थँक यू' आणि 'ब्रदर' हे शब्द मला समजले. दोन्ही मी बोललो नव्हतो.

जनरल हसला. पुढं येऊन त्यानं माझा हात हातात घेतला आणि जोरानं हलवला. पलटणीनं टाळ्या वाजवल्या. मागं आमची माणसं उभी होती, जनरलला पटलं असं समजून त्यांनीही वाजवल्या. गुलाम नबी तेवढा हात खाली सोडून उभा होता.

मी ब्लूकडं बघितलं. तो सावधान उभा होता, नजर समोर, समुद्राकडं. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. तोंड उघडलं नाही.

तंबूत आल्यावर मी सबनीस साहेबांना सोडलं नाही. "माझ्या तोंडात तुमचे शब्द घातलेत?"

"हळू बोल," ते म्हणाले. "तिकडं कलकत्त्याला उतरल्यावर प्रत्येक कैद्याची चौकशी होणार आहे. कोण जपान्यांना मिळाला होता, कोण नाही. हे लोक तुमच्यासाठी चांगलं बोलणार आहेत म्हणून तुम्ही घरी जाल. त्यांच्या जनरलसमोर त्यांच्याच वीराला खुनी म्हणायचं? माझ्याकडं इतकी माणसं आहेत, केरबा. मला सगळ्यांचा विचार करायला हवा."

"त्यालाही सगळ्यांचाच विचार करायचा होता," मी म्हटलं.

सबनीस साहेब वळले. स्टेथोस्कोप गळ्यात घालून पुढच्या खाटेकडं गेले.

जहाज लागलं त्या दिवशी धक्क्यावर ब्लू आला. साध्या कपड्यांत, फीत नव्हती लावलेली. त्याची माणसं आमच्या लोकांना सिगारेटी वाटत होती, गळ्यात पडत होती. तो सरळ माझ्याकडं आला.

"जॉनी, तू बोललास ते खरं होतं."

मी गुलाम नबीच्या बोचक्याची गाठ आवळत राहिलो.

"डॉक्टरनं ते सांगितलं नाही, हेही मला कळलं. मी काही खोटं बोललो नाही. जनरलनं मला विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं. माँ कसम."

पुन्हा तीच शपथ. मला राग यायचा राहून गेला. क्रीटच्या किनाऱ्यावर ज्याला मागं टाकलं होतं तो हाच माणूस, आणि आता तो त्याच्या साहेबांसारखा बोलत होता.

"त्या परेडला हिंदुस्थानी कळणारे आणि इंग्रजीही येणारे दोघंच होते, ब्लू," मी म्हटलं. "एकानं माझं बोलणं बदललं. दुसरा तू होतास."

त्यानं हात पुढं केला. मी घेतला नाही. गुलाम नबीचा एक खांदा निकामी झाला होता, त्याचं बोचकं उचललं, त्याला पुढं घातलं आणि शिडी चढायला लागलो.